तिजोरीपलीकडची ठेव

मौल्यवान वस्तू तिजोरीत ठेवली की आपण निश्चिंत होतो. परंतु काही ठेवी तिजोरीत मावत नाहीत. लंडनमधील एका चर्मबद्ध ग्रंथाची कहाणी याची साक्ष देते.

हाताने चामडी बांधणी करणे हे धीराचे काम. छापील फर्मे दुमडून दोऱ्यांवर शिवायचे, पुस्तकाच्या पाठीला गोलाई द्यायची, पुठ्ठे जोडायचे. मग कमावलेले चामडे कडांना तासून पातळ करायचे आणि खळ लावून पुस्तकावर बसवायचे. शेवटी तापविलेल्या पितळी ठशांनी त्यावर सोन्याचा वर्ख उमटवायचा. ठसा अधिक तापला तर चामडे करपते. कमी तापला तर वर्ख धरत नाही. हा अंदाज केवळ हातालाच कळतो.

'सँगोर्स्की अँड सटक्लिफ' या पेढीतील फ्रान्सिस सँगोर्स्की यांनी सुमारे दोन वर्षे खपून १९११ मध्ये उमर खय्यामच्या रुबायांची एक प्रत सिद्ध केली. माधव जूलियन यांच्या अनुवादांमुळे या रुबाया मराठी रसिकांनाही परिचित आहेत. मुखपृष्ठावर तीन सुवर्णमयूर आणि संपूर्ण बांधणीत हजाराहून अधिक रत्ने! मार्च १९१२ मध्ये लिलावात ४०५ पौंडांना विकला गेलेला हा ग्रंथ अमेरिकेस निघाला, तो 'टायटॅनिक' जहाजातून. १५ एप्रिल रोजी तो जहाजासह सागरतळी गेला. त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात सँगोर्स्की यांचाही पाण्यात बुडून मृत्यू झाला.

पुढे, १९३० च्या दशकात, सटक्लिफ यांचे भाचे स्टॅन्ली ब्रे यांनी मूळ आराखड्यांवरून दुसरी प्रत घडविली. ती तळघरातील तिजोरीत सुरक्षित ठेवण्यात आली. दुसऱ्या महायुद्धातील बॉम्बवर्षावात मात्र त्या तिजोरीचीच भट्टी झाली. चामडे आणि कागद नष्ट झाले. वाचली ती रत्ने.

ब्रे खचले नाहीत. त्यांनी तीच रत्ने जडवून तिसरी प्रत हाती घेतली आणि १९८९ मध्ये, वयाची ऐंशी वर्षे ओलांडल्यावर, पूर्ण केली. ती आज ब्रिटिश लायब्ररीच्या संग्रहात आहे.

पहिला ग्रंथ पाण्याने नेला, दुसरा अग्नीने. तिसरा जन्मास आला, कारण आराखडे जपलेले होते आणि ते साकारणारे हात शिकलेले होते. आपल्या गावातील एखाद्या वृद्ध कारागिराकडेही अशीच ठेव असेल. ती वेळीच शिष्याच्या हाती सोपविली, तरच ती सुरक्षित राहील.