‘म्हणे’चा पूर्ण पत्ता

आपल्या वर्गातल्या मोठ्या मुलांचे सध्या इंग्रजीचे प्रोजेक्ट चालू आहेत. कुणाला हजार-दीड हजार शब्दांचा निबंध, तर आयबीच्या मुलांना चार हजार शब्दांपर्यंतचा. ‘मुले घरीसुद्धा इंग्रजीतच बोलतात, मग गाडी अडते कुठे?’ असे काही पालकांनी विचारले, म्हणून हा लेखनप्रपंच. आम्ही संगणकाच्या धंद्यातली माणसे, साहित्यातली नव्हे. पण दुसऱ्याचे काम वापरायचे तर ते कुठून घेतले याची नोंद ठेवायची, ही शिस्त आमच्याकडेही आहे.

गाडी इंग्रजीपाशी अडत नाही, ‘हे तुला कुठून कळले?’ या प्रश्नापाशी अडते.

मराठीत यासाठी एक छोटा, फार उपयोगी शब्द आहे : ‘म्हणे’. ‘इथे पूर्वी म्हणे आपला रुपया चालायचा.’ मी हे पाहिलेले नाही, नुसते ऐकले आहे, हे बोलणारा या एका शब्दात सांगून मोकळा होतो. इंग्रजी शोधनिबंधात एवढ्यावर भागत नाही. कोण म्हणाले, कुठे, कोणत्या साली, कोणत्या पानावर, हे सगळे द्यावे लागते. तळटीप म्हणजे ‘म्हणे’चा पूर्ण पत्ता.

हाच रुपया घेऊ. आजोबा सांगतात ते खरे आहे. आखातात भारतीय रुपया सर्रास चालत असे. त्या रुपयांवर सोने घेऊन ते चोरून भारतात नेले जाई आणि भारताची परकी गंगाजळी आटे. म्हणून १९५९ साली फक्त आखातासाठी वेगळ्या रंगाच्या नोटा काढल्या, त्यांच्या क्रमांकाआधी ‘झेड’ हे अक्षर असे. जून १९६६ मध्ये भारताने रुपयाचे अवमूल्यन केले आणि त्याच वर्षी कतार व दुबई यांचा स्वतंत्र रियाल आला. मुलांनो, पाहा, ‘पूर्वी’ या एका शब्दाच्या पोटातून केवढा मजकूर निघाला! तुमच्या निबंधात ‘पूर्वी’, ‘खूप’, ‘सगळे लोक’ असे शब्द दिसले की तिथे पेन्सिलीने खूण करा. तिथेच शोध बाकी आहे.

आता शोधायचे कुठे? सर्वांत मोठा खजिना आपल्या दाराशी आहे. एज्युकेशन सिटीतले कतार नॅशनल लायब्ररी २०१७ मध्ये खुले झाले. इथल्या रहिवाशांना सभासदत्व मोफत आहे. तिथले पुस्तकांचे उतरते कप्पे पाहायला सगळे जातात, फोटोही काढतात. पण त्याच सभासदत्वावर घरबसल्या वाचता येणारी नियतकालिके आणि संदर्भकोश फार थोडे उघडतात. विकत घ्यायचे तर ते आपल्या खिशाबाहेरचे आहे.

याच लायब्ररीचा लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीबरोबरचा उपक्रम म्हणजे कतार डिजिटल लायब्ररी. ही २०१४ पासून इंटरनेटवर सर्वांना मोफत आहे. आखाताविषयीची जुनी सरकारी कागदपत्रे, नकाशे आणि फोटो तिथे पानन् पान पाहता येतात. यात आपल्या मुलांना वेगळा रस वाटावा, कारण बुशहरला बसणारा ब्रिटिश रेसिडेंट १८७३ पर्यंत मुंबई सरकारच्या हाताखाली होता. १२ सप्टेंबर १८६८ रोजी शेख महंमद बिन थानी यांच्याशी करार करणारे कर्नल लुईस पेली हे मूळचे मुंबईच्या फौजेतले अधिकारी. म्हणजे कतारच्या इतिहासाचा एक धागा थेट मुंबईला पोचतो.

तिथे शोधताना दोन गोष्टी ध्यानात ठेवा. पहिली, जुने स्पेलिंग. त्या काळच्या कागदांत कतार ‘जी-यू-टी-टी-यू-आर’ असेही लिहिलेले सापडते आणि दोह्याच्या जागी ‘बिद्दा’ असते. आजच्या नावाने काही मिळाले नाही, म्हणजे काही नाहीच असे समजू नका. (ठाण्याचे जुने कागद शोधणाऱ्यालाही ‘टन्ना’ शोधावे लागते!) दुसरी, छापील पानाशेजारचा टंकलिखित मजकूर यंत्राने आपोआप वाचलेला असतो आणि यंत्र चुकते. आकडा किंवा नाव उचलण्यापूर्वी मूळ पानाचे चित्र डोळ्यांनी पाहा. त्या पानाचा संदर्भ कसा द्यायचा, तेही तिथेच तयार मिळते.

कागद जुना आहे म्हणून खरा, असेही नाही. तो लिहिणारा साहेब होता. ब्रिटिशांनी आखातातल्या अरबांना ‘चाचे’ ठरवले. शारजाचे शासक डॉ. सुलतान अल कासिमी यांनी मुंबईच्या दफ्तरखान्यातले ब्रिटिशांचेच कागद वापरून १९८६ च्या आपल्या इंग्रजी पुस्तकात ते म्हणणे खोडून काढले. एकाच दफ्तरातून दोन निष्कर्ष! मुलांनी हे उदाहरण जरूर वापरावे, शिक्षक खूष होतात.

इंग्रजी वाक्यरचनेसाठी मँचेस्टर विद्यापीठाची ‘अकॅडेमिक फ्रेजबँक’ पाहा. ‘यावरून असे दिसते’, ‘बहुधा असे असावे’ अशा बेताच्या विधानांचे साचे तिथे आहेत. संदर्भ देण्याच्या पद्धतींसाठी अमेरिकेतल्या परड्यू विद्यापीठाची ‘ऑनलाइन रायटिंग लॅब’ पुरेशी आहे. दोन्ही मोफत.

उचलेगिरीबद्दल पालकांशी थोडे बोलायचे आहे. शाळा वापरतात ती सॉफ्टवेअर तुमच्या मुलाचा मजकूर लाखो पानांशी ताडून पाहतात, चार शब्द इकडचे तिकडे केल्याने ती फसत नाहीत. आणि निबंध लिहून देणारी हल्लीची यंत्रे तर नसलेल्या पुस्तकांची नावे पानांच्या आकड्यांसह ठोकून देतात. आमच्या मते यंत्राला शंका जरूर विचाराव्या, पण त्याने दिलेले प्रत्येक पुस्तक लायब्ररीच्या यादीत सापडल्याशिवाय वहीत उतरवू नये. एका मुलाचा निबंध अशाच एका अस्तित्वात नसलेल्या पुस्तकामुळे परत आला. बाकी सगळे त्याने स्वतः लिहिले होते, तरी त्यावरही कुणाचा विश्वास बसेना.

आपल्या मुलांजवळ आणखी एक साधन आहे, ते म्हणजे मराठी. वाईहून निघालेला मराठी विश्वकोश इंटरनेटवर मोफत आहे. त्यातल्या नोंदींखाली लेखकाचे नाव आणि संदर्भग्रंथांची यादी असते, म्हणजे पुढचा रस्ता आयता मिळतो. मराठी संदर्भ इंग्रजी निबंधात खुशाल द्यावा. भाषांतर स्वतः केले असेल तर तसे लिहावे, एवढेच. आजोबांची मुलाखतसुद्धा आधार म्हणून चालते. त्यांची परवानगी घ्या, आणि नाव, गाव व फोनवर बोललात ती तारीख लिहून ठेवा. ते कुठे ‘म्हणे’ म्हणाले, तेही.