सरकीचे भांडवल

कापसाचा भाव प्रामुख्याने रुईवरून ठरतो. सरकीचे तेल निघते, पेंड गोठ्यात जाते आणि तिचा विषय तेथेच संपतो. परंतु सरकी हे केवळ दुय्यम उत्पादन नव्हे. ते पुढील हंगामाचे भांडवलही आहे. परभणी जिल्ह्यातील गावरानी कापसाची कहाणी ही या भांडवलाच्या क्षयाची कहाणी होय.

स्वातंत्र्याच्या वेळी देशातील कापसाच्या क्षेत्रापैकी ९० टक्क्यांहून अधिक क्षेत्र देशी जातींखाली होते. १९७० मध्ये सुरत येथे संकरित कापूस तयार झाला, २००२ मध्ये बीटी वाणांना परवानगी मिळाली आणि देशी कापूस बांधाबाहेर गेला. यात शेतकऱ्याचा दोष नाही. देशी बोंड लहान, धागा बहुधा आखूड, आणि वेचणीस उशीर झाल्यास कापूस गळून मातीमोल होणारा. तथापि संकरित वाणाची सरकी पुन्हा पेरून उपयोग नसतो. पुढील पिढीत तिचे गुण विखुरतात. म्हणजे जे बियाणे पूर्वी घरच्या कणगीतून निघत असे, ते आता दरसाल रोख पैसे मोजून आणावे लागते. पुढे शेंदरी बोंडअळी बीटीलाही जुमानेनाशी झाली आणि २०१७ च्या हंगामात महाराष्ट्राने त्याचा जबर फटका सोसला.

कोरडवाहू जमिनीत तग धरणारा आणि रसशोषक किडींना सहसा दाद न देणारा देशी कापूस अशा वेळी आठवतो. परभणीत कृषिसंशोधनाची परंपरा १९१८ पासूनची आहे. १९७२ मध्ये येथे कृषी विद्यापीठ स्थापन झाले. येथील संशोधकांनी पीए २५५, पीए ४०२ यांसारखे लांब धाग्याचे देशी वाण सिद्ध केले. जुन्या जाती कोणी जपल्या नसत्या, तर हे संशोधन कशाच्या आधारे झाले असते?

हिमाचल प्रदेशातील किन्नौरमध्ये चिलगोजा या पाइन वृक्षाचे शंकू उमलण्यापूर्वीच उतरवले जातात. बी महाग विकले जाते. जंगलात नवी रोपे मात्र विरळ होत जातात. भांडवल उत्पन्न समजून खर्च केले, की हेच घडते.

नागपूरची केंद्रीय कापूस संशोधन संस्था वाणांचा मोठा संग्रह सांभाळते. परंतु शीतगृहातील बी जिवंत राहते, एवढेच. बदलत्या पावसाशी व किडींशी त्याची गाठ पडते ती शेतातच. शेतात ते जपायचे, तर वेगळी पेरणी, वेगळी वेचणी आणि वेगळे जिनिंग हवे. एरवी जिनिंगमध्ये सरकीची भेसळ अटळ असते. हा सारा खर्च एकट्या शेतकऱ्याने करायचा आणि लाभ मात्र साऱ्या समाजाने घ्यायचा, हा व्यवहार टिकणारा नाही.

२००१ च्या कायद्याने शेतकऱ्याला बियाणे राखण्याचा व त्याची देवाणघेवाण करण्याचा हक्क दिला. मात्र हक्काला परताव्याची जोड हवी. प्रत्येक तालुक्यात काही बीजप्लॉट, शुद्ध सरकीला हमीचा भाव आणि जिनिंगची स्वतंत्र पाळी एवढी तरतूद शासनाच्या आवाक्याबाहेरची नाही. उपासमारीतही पेरणीच्या बियाण्याला हात न लावणारा कुणबी जे जाणत होता, ते नियोजनकर्त्यांनी विसरू नये.