विश्लेषण : किल्ल्याच्या प्रतिकृतीवर सावलीही का रंगवावी लागते?

दिवाळीच्या मातीच्या किल्ल्यांबरोबर आता थर्माकोल आणि प्लास्टरच्या प्रतिकृतीही घडवल्या जातात. कर्जत तालुक्यातील कोथळीगडाचा सुळका किंवा खालापुरातील इर्शाळगडाचे नेढे आकारात हुबेहूब उतरते. पण काळा रंग फासला की कोळशाचा ढीग दिसू लागतो. असे का होते?

सावली हरवते कुठे?

खऱ्या डोंगराच्या घळींत उन्हाने खोल सावली पडते. दीड-दोन फुटांच्या प्रतिकृतीत खाचा उथळ असतात, त्यामुळे तेवढी सावली पडत नाही. ती रंगानेच दाखवावी लागते. शिवाय दुरून पाहिलेला कातळ हवेमुळे फिकट भासतो. म्हणून निव्वळ काळ्याऐवजी करडा-तपकिरी रंग घ्यावा.

प्राइमर कशासाठी?

प्लास्टर पाणी शोषते, त्यामुळे रंगाचे डाग पडतात. प्राइमरचे दोन पातळ थर ही शोषण थांबवतात आणि रंग धरून ठेवतात. एकच जाड थर दिल्यास बारीक पायऱ्या बुजतात. थर्माकोलवर स्प्रेचा डबा थेट मारू नये. त्यातील द्रावक थर्माकोल विरघळवतो. तेथे पाण्यात मिसळणारा ॲक्रिलिक प्राइमरच वापरावा. मातीचा किल्ला मात्र आधी पूर्ण वाळू द्यावा. ओल राहिली तर रंगासकट पापुद्रे निघतात.

छटा कशा द्याव्यात?

प्रथम सर्वत्र गडद रंग द्यावा. तो वाळल्यावर फक्त वरच्या बाजूने, तिरका, फिकट रंग फवारावा. ऊन कुठून येते ते ठरते. मग गडद तपकिरी रंग पाण्यासारखा पातळ करून सोडावा. तो आपोआप खाचांत उतरतो. शेवटी ब्रश फिकट रंगात बुडवून कागदावर जवळजवळ कोरडा होईपर्यंत पुसावा आणि कडांवरून हलकेच फिरवावा. सह्याद्रीचा बेसाल्ट लाव्हाच्या एकावर एक थरांनी बनला आहे. त्यामुळे ब्रश आडवा फिरवल्यास कातळटप्पे उठून दिसतात.

हिरवा रंग किती?

दिवाळीपर्यंत डोंगरउतारांवरील गवत पिवळे पडू लागते. गडद हिरव्यावर वाळलेल्या गवताची छटा द्यावी आणि उभा कातळ उघडा ठेवावा. सुळका हिरवा झाला, तर ओळखीचा गड अनोळखी टेकडी होतो.