रेंज नसली तरी त्रिकोण हलतो

तुमच्या घरात यंदा कोणी दहावीला आहे? मग गणिताची धास्ती असणारच. डहाणू-तलासरीच्या पाड्यांवर गणितात गाडी अडली, की शाळा सुटायला आणि वीटभट्टी जवळ यायला वेळ लागत नाही.

यावर मोबाईलमध्ये एक फुकटचं साधन आहे, जिओजेब्रा. ऑस्ट्रियाच्या मार्कुस होहेनवार्टर यांनी २००१ साली ते सुरू केलं. पडद्यावर त्रिकोण काढायचा आणि एक टोक बोटानं ओढायचं. कोन बदलतात, बेरीज मात्र १८० अंशच! लहान-मोठे त्रिकोण शेजारी ठेवले, की दहावीच्या भूमितीतली समरूपता डोळ्यांना दिसते. वारली चित्रातला माणूस दोन त्रिकोणांचाच असतो. म्हणजे आपल्या पोरांना त्रिकोण नवा नाही, पुस्तकाची भाषा नवी आहे.

"आमच्याकडे रेंज कुठाय?" असं म्हणाल. तर बाजाराला जाल तेव्हा ॲप उतरवून घ्या, पुढं ते इंटरनेटशिवाय चालतं. बालभारतीच्या पुस्तकातल्या क्यूआर कोडवरून दीक्षा ॲपवर मिळणारे धडेही असेच साठवता येतात.

कोसबाडला अनुताई वाघांनी गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा चालवली. शाळाच मुलांकडे गेली. ते काम आज मोबाईल थोडंफार करील, पण शेजारी बसणारं माणूस हवंच. बोर्डाचा पेपर कागदावर असतो. तेव्हा पडद्यावर पाहिलेलं वहीत सिद्ध करून दाखवायला लावा. एक फोन, चार मुलं, चार वह्या. आज संध्याकाळीच बसा!