तांब्याभर पाण्याला पंधरा मिनिटं

ठिबकचा एक साधा ड्रीपर तासाला ४ लिटर पाणी सोडतो. लिटरचा तांब्या भरायला पंधरा मिनिटं. एवढ्या सावकाश गळणाऱ्या पाण्यावर मिनिटामिनिटाचा हिशेब ठेवणारा कंट्रोलर बसवायचा, हे चिल्लर मोजायला मुनीम ठेवण्यासारखं वाटतं.

थेंब किती सावकाश, ते आधी पाहू. पैठणच्या नाथसागराचा, म्हणजे जायकवाडी धरणाच्या जलाशयाचा, उपयुक्त साठा २१७१ दशलक्ष घनमीटर. हा एकच ड्रीपर जायकवाडीच्या भिंतीवर टांगून तेवढं पाणी साठवायचं, तर सुमारे ६ कोटी २० लाख वर्षं लागतील. ज्या काळ्या पाषाणात वेरूळची लेणी कोरली, तो लाव्हा वाहिला साधारण ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी. तेव्हाच ड्रीपर सुरू केला असता, तर हा साठा पुरा होऊन आज ४० लाख वर्षं झाली असती. अर्थात हे बाष्पीभवन न धरता. भरलेला नाथसागर सुमारे साडेतीनशे चौरस किलोमीटरवर पसरतो, त्यावरून मिलिमीटरभर पाणी उडालं तरी ३५ कोटी लिटर जातात.

आता हाच ड्रीपर कपाशीत आणा. ओळींत दीड मीटर अंतर, नळीवर दर ४० सेंटिमीटरला ड्रीपर. एका एकराला साधारण २७०० मीटर नळी आणि ६७५० ड्रीपर लागतात. एकोणीस एकरांच्या नळ्या एकापुढे एक जोडल्या, तर छत्रपती संभाजीनगरहून पैठण गाठता येतं. आणि त्या एका एकरात तासाला २७,००० लिटर पाणी जातं. मिनिटाला ४५० लिटर!

शेतकऱ्याला ‘ऑटो’ माहीत आहे तो मोटारीचा. लाईट आली की मोटार चालू. मध्यरात्री आली तर मध्यरात्री, पाऊस पडत असला तरी. लाईट आली एवढंच त्या ऑटोला कळतं. कंट्रोलरला मात्र पिकाची भूक सांगावी लागते, आणि ती मिलिमीटरमध्ये मोजतात. एकरावर एक मिलिमीटर पाणी म्हणजे ४०४७ लिटर. वरच्या ठिबकला त्यासाठी नऊ मिनिटं लागतात. हा नऊचा पाढा पाठ झाला की अर्धं काम झालं. उन्हाच्या दिवसात पिकाला ५ मिलिमीटर लागले, तर ४५ मिनिटं. आभाळ भरून आलं आणि गरज ३ वर उतरली, तर २७ मिनिटं. दहा मिलिमीटर पाऊस झाला, तर दीड तासाचं ठिबक वरूनच मिळालं. म्हणून रेन सेन्सरवर कंजुषी करू नये.

आणि कोणी आकडा बदललाच नाही तर? ४५ आणि २७ मधली अठरा मिनिटं म्हणजे एकरी ८१०० लिटर. पाच एकरांत रोज ४०,५०० लिटर, म्हणजे दहा हजारी टँकरच्या चार खेपा मुळांखाली निघून गेल्या, सोबत खतही.

पाच एकरांना पाच व्हॉल्व्ह, एक मिटला की दुसरा उघडतो. ४५ मिनिटांच्या पाळीने सगळं रान पावणेचार तासांत भिजतं. पण मध्येच लाईट गेली, तर घड्याळावर चालणारा कंट्रोलर फसतो. म्हणून माझं मत असं, की आपल्याकडे तो मिनिटांवर लावूच नये. पाणीमीटर जोडून लिटरवर लावावा. ५ मिलिमीटरला एकरी २०,२३५ लिटर गेले की व्हॉल्व्ह बंद, मग त्याला तास लागो की दोन दिवस.

असं ठिबक एक लाख एकरांवर फक्त एक मिनिट जास्त चाललं, तर साडेचार कोटी लिटर जातात. २०११ च्या जनगणनेत छत्रपती संभाजीनगर शहराची लोकसंख्या पावणेबारा लाख होती. माणशी रोज १३५ लिटर धरले, तर तेवढ्या लोकांचं दिवसभराचं पाणी म्हणजे त्या ठिबकची साडेतीन मिनिटं. नळाला पाणी येण्याचा वार लक्षात ठेवणाऱ्या शहराला हे सांगताना जरा जड जातं.

हा सगळा हिशेब मात्र ड्रीपर खरोखरच ४ लिटर सोडतो, या भरवशावर उभा आहे. विहिरी-बोअरच्या पाण्यातल्या क्षारांनी ड्रीपर चोंदतात. तेव्हा कंट्रोलरचं बटण दाबण्याआधी नळीच्या सुरुवातीला एक आणि शेवटच्या टोकाला एक तांब्या ठेवा, आणि पंधरा मिनिटांनी बघायला या.