कठीण जमिनीत बियांपासून हिरवळ

बांधकामानंतर दडपलेल्या आवारात हिरवळ उगवली नाही, की दोष बहुधा बियाण्यास दिला जातो. हरळीचे बी अतिशय बारीक. ढेकळांत खोल गेले तर उगवत नाही, उघडे राहिले तर मुंग्या वाहून नेतात. म्हणून जमीन ओलवून, वाफसा येताच 20 ते 25 सेंमी खणावी, ढेकळे फोडून उन्हात तापू द्यावी. उघड्या पडलेल्या अळ्या पक्षी वेचतात.

चिकण मातीत थोडी वाळू मिसळून काहीच साधत नाही. तिला भुसभुशीत करते ते कंपोस्ट, आणि तेही पूर्ण कुजलेले. कच्च्या शेणखताबरोबर हुमणी येते. राजस्थान-गुजरातेत भुईमुगाची, महाराष्ट्र-कर्नाटकात उसाची मुळे कुरतडणारी ही कीड गवतही सोडत नाही. पोखरलेली हिरवळ सतरंजीसारखी हाताने उचलली जाते.

चौरस मीटरला सुमारे 5 ग्रॅम बी चाळलेल्या मातीत मिसळून उभे-आडवे फोकावे, दाताळ्याने अलगद झाकून हलका रूळ फिरवावा आणि झारीने ओल टिकवावी. सिंचन असल्यास पेरणी मार्चमध्येच उरकावी, म्हणजे पावसाळ्यात अळ्या निघण्यापूर्वी मुळे बळावतात. पहिल्या वळिवानंतर संध्याकाळी कडुनिंब, बाभूळ वा बोरीवर जमणारे भुंगेरे फांद्या हलवून पाडावेत आणि रॉकेलमिश्रित पाण्यात टाकावेत.