उभ्या पट्ट्यांच्या खिडकीपडद्यांवरील नक्षीकाम

कार्यालये, ग्रंथालये व सभागृहे यांच्या खिडक्यांना लावले जाणारे व्हर्टिकल ब्लाइंड्स म्हणजे वरच्या रुळातून लोंबणाऱ्या कापडी पट्ट्यांचा पडदा होय. पट्टीची रुंदी सामान्यतः ८९ किंवा १२७ मिलिमीटर असते आणि पडदा पूर्ण मिटला असता शेजारच्या पट्ट्यांच्या कडा एकमेकींवर चढतात. नक्षीची निवड करताना या दोन बाबींकडेच नेमके दुर्लक्ष होते. अनेक पट्ट्यांवर पसरलेले मोठे फूल वा निसर्गचित्र केवळ मिटलेल्या स्थितीतच अखंड दिसते. त्यातही कडांखाली झाकला जाणारा भाग आखणीत धरला नसेल, तर रेषा जुळत नाहीत. पट्ट्या थोड्या वळवताच चित्र तुटते, आणि कामाच्या वेळेत त्या बहुधा वळवलेल्याच असतात! याउलट एका पट्टीच्या रुंदीत पुरा होणारा आकृतिबंध, उदा. चढती वेल, उभ्या रेघा वा बारीक ठिपके, पट्टी वळली तरी आपले रूप राखतो. म्हणून नमुना-पुस्तिकेतील सपाट तुकड्यावर विसंबण्यापेक्षा दोन-तीन पट्ट्या खिडकीत टांगून, अर्धवट वळवून पाहणे श्रेयस्कर. जॅकार्ड विणीत नक्षी धाग्यांतूनच उमटते. वीण दाट-विरळ असल्यास ती उजेडासमोर अधिक उठून दिसते. एकाच बाजूने छापलेल्या पट्टीची कोरी पाठ मात्र पट्टी उलट फिरवताच उघडी पडते.